साभार परत येणारी चौकडी

बक्षीस मिळालं की त्याची एकच गोष्ट होते. कुणी दिलं, कुठे दिलं, फोटो कुठे छापून आला, संपलं! चित्र परत आलं की मात्र किस्सेच किस्से. आमची चित्रं इतकी वर्षं परत येताहेत की आता चार माणसांना बसवून सांगण्याइतका साठा झालाय. अर्थात हसू येतं ते नंतर. पत्र येतं त्या दिवशी कुणी हसत नाही.

आमची चौकडी अशी. मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. प्रदीप मोहर्लीचा, तो रिसॉर्टच्या भिंतींवर वाघ रंगवतो. सोनीबाई गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावची, अंगणवाडी सांभाळून चित्रं काढते. आणि आमच्यात वडीलधारे वामनभाऊ. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही जमतो. राज्याच्या चित्रस्पर्धेला दरवर्षी चौघं चित्रं पाठवतो आणि जवळजवळ दरवर्षी चौघांचीही साभार परत!

आम्हा तिघांना बक्षीस हवंय, खोटं कशाला बोलू? वामनभाऊंना बक्षीस नको होतं. त्या प्रदर्शनात आपलं चित्र एकदा भिंतीवर लागलेलं पाहायचं होतं, खाली नावाची चिठ्ठी असलेलं. "नाटकात पेटीवाल्याचं नाव पुकारतात, तबलेवाल्याचं पुकारतात. पडदेवाल्याचं कोन पुकारते जी?" असं ते एकदाच म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, पण आम्ही तिघंही ते विसरलो नाही.

*

प्रदीपची वाघीण परत आली ती शेऱ्यासकट. "पुढील उजव्या पायाची रचना शरीरशास्त्राला धरून नाही."

प्रदीप नुसता पेटला! ती वाघीण त्यांच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची. पाय कधीतरी दुखावलेला, लंगडतच चालते. "मी जशी पाह्यलो तशी काढलो! आता मी तिले सरळ चालवू का?"

सोनीबाई खाली मान घालून शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्या साहेबाले म्हना, एकदा पायी येऊन तपासून जा."

*

वामनभाऊंचा पहिला अर्ज मी वाचून दाखवला होता. "चित्र पाच फुटांपेक्षा मोठे नसावे." भाऊंचा पडदा वीस फुटी. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला.

"पाच फुटात तं झाडाचं बुडच मावते!"

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. महिन्याने गेलो तर कॅनव्हासवर खरंच सागाचं बुड. फक्त बुड! मुळं, वाळवीची माती, खाली पडलेली पानं आणि वर एकदम चित्र संपलेलं.

"भाऊ, झाड लहान करून काढायचं ना!" मी म्हटलं.

"लहान काढलो तं मागच्या लायनीतल्याले दिसंन का?"

स्पर्धेला मागची लाईन नसते हे त्यांना कोण सांगणार? ते चित्र परत आलं. पण खरं सांगते, आम्हा चौघांच्या सगळ्या चित्रांत मला ते बुड सर्वांत जास्त आवडतं.

*

सोनीबाईने पहिल्यांदा साध्या गटात चित्र पाठवलं. झाडाखाली मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया. उत्तर आलं, "आपण लोककला गटात पाठवावे." दुसऱ्या वर्षी तिने लोककला गटात पाठवलं. तेच झाड, त्याच बाया, मागे गावातला नवा मोबाईलचा टॉवर. उत्तर आलं, "विषय पारंपरिक नाही."

सोनीबाईने पत्राची घडी घातली. "म्हंजे टावर आमच्या गावात आला तं चालते. चित्रात आला तं नाई चालत!"

तिसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांनी तिला टॉवर काढून टाक म्हणून समजावलं. तिने दोन काढले.

*

वीस वर्षं मी वर्गात सांगत आले की नंबर महत्त्वाचा नसतो, सहभाग महत्त्वाचा. देवाने ते मनावर घेतलं असावं.

एका वर्षी पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मुख्याध्यापकांनी फोडलं, पहिली ओळ वाचली, "आपल्या सहभागाबद्दल हार्दिक अभिनंदन," आणि प्रार्थनेच्या वेळी थेट माईकवर जाहीर केलं, "आपल्या मॅडमनी शाळेचं नाव राज्यात नेलं!" टाळ्याच टाळ्या! दुसरी ओळ 'तथापि'ने सुरू होत होती, तिथवर ते पोहोचलेच नव्हते. मी काय करणार? हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

दुपारी स्टाफरूममध्ये वह्या तपासायला बसले. मागची पानं चाळली तर प्रत्येक चित्राखाली माझ्या लाल पेनने एकच शब्द, 'ठीक'. मला स्वतःची फार लाज वाटली. तेव्हापासून 'ठीक' लिहिणं सोडलं. आता प्रत्येकाला दोन ओळी लिहिते, त्यामुळे माझ्याकडच्या वह्या कधी वेळेवर परत जात नाहीत.

*

आमच्यात एक नियम होता. ज्याचं चित्र निवडलं जाईल त्याने बाकीच्यांना भजी खिलवायची. त्यामुळे चार वर्षं शेडमध्ये भजी आलीच नाहीत!

पाचव्या वर्षी प्रदीपचं निवडलं गेलं. तो गरम भजी घेऊन आला आणि चोरी केल्यासारखा दाराशीच उभा राहिला. आम्ही अभिनंदन केलं, पण आवाज कुणाचाच नीट निघेना. माझ्या तर पोटात दुखत होतं, खरंच सांगते.

वामनभाऊंनी पहिलं भजं उचललं. "पोट्ट्या, आनंद झाला हाय मले. फक्त तो तोंडावर याले थोडा टाइम लागून राह्यला. तू बस."

मग सगळेच हसलो. भजी तोवर थंड झाली होती, पण एकही उरलं नाही.

*

गेल्या वर्षीचं सांगते. नाटक कंपन्यांनी छापील फ्लेक्सचे पडदे घेतले होते, वामनभाऊंना वर्षभरात एकही पडदा रंगवायला मिळाला नव्हता. त्यात काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "औंदा शेवटचं," भाऊ म्हणाले. तीन महिने ते त्या पाच फुटांवर वाकून बसले.

चित्र पाहायला आम्ही जवळ सरकलो. डावीकडे धानाच्या बांध्या, उजवीकडे जंगल, पानन् पान जिवंत! आणि मधोमध नुसती मोकळी जमीन. काही म्हणजे काही नाही.

"भाऊ, मध्ये काहीतरी टाका ना," मी म्हटलं.

"मधात मान्सं उभी राह्यतात."

"ते नाटकात, भाऊ. इथे कोण उभं राहील?" प्रदीपनेही हात जोडले. सोनीबाई म्हणाली, एखादी गाय तरी बांधा.

"मधात रंगवलो तं मानूस कुठी उभा राहीन?" त्यांनी ब्रश धुवून ठेवला.

चित्र नाकारलं गेलं. शेरा होता, "रचना अपूर्ण."

पत्र घरी येतं, पण नाकारलेली चित्रं नागपूरला जाऊन घेऊन यावी लागतात. भाऊ म्हणाले, मी स्वतः येतो. आम्ही दोघं बसने गेलो. वाटेत मी धीर द्यायला काहीबाही बोलत राहिले, ते खिडकीबाहेर पाहत राहिले. प्रदर्शनाच्या हॉलमागच्या खोलीत परतीची चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. भाऊंनी आपलं हाताने चाचपून शोधलं, उचलून बाहेर व्हरांड्यात आणलं आणि उन्हाच्या बाजूला भिंतीशी उभं केलं.

"मॅडम, तुमी मागं जा. अजून मागं. त्या खांबापाशी."

मी गेले. भाऊंनी टोपी सारखी केली, हळूहळू चालत गेले आणि चित्रासमोर मधोमध, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"आता पाहा. झालं का पुरं?"

मी नुसती मान हलवली, पण इतक्या लांबून ती त्यांना दिसली नसणार.

तेवढ्यात खोलीला कुलूप लावायला चौकीदार आले. वडसाकडचे, आमच्या झाडीपट्टीतलेच होते, मघाशी खोली उघडून देताना बोलण्यावरून कळलं होतं. ते भाऊंकडे बघत थांबले. मग किल्ल्या खिशात टाकल्या, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि ओरडून विचारलं, "काऊन भाऊ, कोनतं नाटक हाय?"



वामनभाऊंनी छाती पुढे काढली. "बसा तं खरं. तिसरी घंटा व्हाची हाय!"