साखळीचा तुकडा

हे मी आईला सांगितलं नाही, हॉस्टेलमधल्या सोबत्यालाही नाही. गावी जाताना दर वेळी मनात जुळवून नेलं — आणि तसंच परत आणलं. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून जमेल कदाचित.

आमचं गाव मुळशीच्या धरणापलीकडे, शाळा अलीकडे. मधे पाणी, आणि पाण्यावर सखातात्यांची नाव. तात्या वडिलांचे चुलतभाऊ. भर पावसात, दुसरं कुणी पाण्याकडे फिरकत नसे तेव्हाही, "चल रं बालिष्टर" म्हणून मला पलीकडे सोडायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या पाण्यावरून मला कुणी नेलंच नसतं तर?

कॉलेजात रसायनाच्या सरांनी एकदा लोखंडाची पट्टी दाखवली. मेण आणि राळेचा लेप दिलेली. तिच्यावर पाणी ओतलं, तर अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं निघून गेलं. पाणी टेकतच नाही, मग गंज चढणार कुठून? मला तात्यांच्या नावेची साखळी आठवली. सदा ओली, लालभडक.

सर आणखी एक गोष्ट म्हणाले होते — आधी जुना गंज पार खरवडायचा, लोखंड तापवून कोरडं करायचं, मगच लेप. नाहीतर आतला गंज आतच झाकला जातो. हे मी नीट ऐकलं होतं. विसरलोही नव्हतो.

पण मे महिन्यात गावी जाऊन तात्यांच्या साखळीला लेप द्यायला बसलो, तेव्हा धक्क्यावर माणसं जमलेली, मेण पातळ झालेलं, सगळे माझ्याकडे बघत होते — माझ्याकडे असं कधी कुणी बघितलं होतं? खरवडण्यात दिवस गेला असता. मी वरवर फडकं फिरवलं आणि लेप दिला. तांब्याभर पाणी ओतलं. "आयला, पानी पळतंय की!" कुणीतरी ओरडलं. तात्या तर हसतच सुटले.

ते अधूनमधून साखळी दगडानं घासायचे, कडी न् कडी चाचपून बघायचे. मी म्हणालो, आता घासू नका, लेप जाईल. त्यांनी ऐकलं.

गणपतीला घरी आलो. रात्रभर वारं होतं. सकाळी धक्क्यावर मीच पहिला पोचलो. नाव नव्हती. खुंट्याला साखळीचे दोन वेढे मात्र तसेच — तात्यांच्या हातचे, घट्ट. पुढे हातभर तुकडा लोंबत होता. तुटलेली कडी वरून चकचकीत, आत नुसता लाल भुगा.

मी काय केलं? — वेढे सोडवले. तुकडा खोल पाण्यात फेकला. घरी येऊन पांघरूण ओढून पडलो.

नाव दुपारी खडकावर फुटलेली सापडली. पुढचा भाग साखळीसकट गेलेला. इकडे खुंटा मोकळा. तात्या बांधायलाच विसरले, असं धक्क्यावर जमलेल्या सगळ्यांनी धरलं; मीही त्यांच्यात उभा होतो.

"तात्या, नाव खुंट्याला बांधली व्हती का सपनात?" कुणीतरी हसत विचारलं.

"दोन येढं दिलं व्हतं रं…"

"मग साखळी तुटली म्हन की!"

"ती न्हाई तुटायची," तात्या म्हणाले. "पोरानं लेप दिलाय तिला." आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

नवी नाव दुसऱ्याच्या हाती गेली. तात्यांच्या ओट्यावर बसायला कुणी येईनासं झालं. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

गेल्या सुट्टीत वाटेत गाठ पडली. "लई शिकलास का रं, बालिष्टर?" त्यांनी विचारलं. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "माजं हातच इसराया लागलं बग. बांधलीच नसंल मी." पहिली एक-दोन वर्षं तरी ते भांडायचे, बांधली होती म्हणून. आता त्यांना ते पटलं होतं. मी उभा होतो, सांगता आलं असतं — पाऊस कसा आहे, एवढंच विचारलं.

संध्याकाळी आमच्या अंगणातून त्यांचा गोठा दिसतो. ते शेळी खुंट्याला बांधतात, घराकडे चालू लागतात. अर्ध्या वाटेतून परत फिरतात. वाकून गाठ चाचपतात. पुन्हा निघतात — पुन्हा फिरतात.

गाठ पक्की असते. तेव्हाही होती.