सहा वेळा अठरा

स्वयंपाकघराच्या दारामागे पिशवीत पिशवी कोंबून ठेवलेली असते ना, तसे आमच्या अभ्यासिकेतले किस्से माझ्याकडे साठलेत. एक ओढायला गेलं की चार बाहेर येतात. ओढावेत की नाही, याबद्दल मी बरेच दिवस साशंक होतो. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं काहीतरी वजनदार सांगावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे वजनदार आता फक्त प्रबंध उरलाय.

निवृत्तीनंतर पनवेलमध्ये आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मी ही अभ्यासिका सुरू केली. चार टेबलं, दोन पंखे, एक कपाट, फी नाही. प्रबंधाचा विषय होता 'मुली अभ्यासात मागे का पडतात'. तो बाइंडिंग होऊन येईपर्यंत मुली पुढे निघून गेल्या होत्या!

*

पहिल्याच वर्षी मी सगळ्यांना घरचं वेळापत्रक लिहून आणायला सांगितलं. मुलांनी झकास आणलं. पाच ते सात अभ्यास, सात ते नऊ खेळ, तीन रंगांची पेनं, खाली दुहेरी रेघ. अभ्यास तेवढा झालेला नव्हता.

जवळच्या कोन गावाहून येणाऱ्या योगितानं एकच ओळ लिहिली होती : 'पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत.'

ही कुठली शिट्टी, मी विचारलं.

"कुकरची, सर. तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही. छोले असले की इतिहासाचा अख्खा धडा होतो."

घरी येऊन हे मी सुमनला, म्हणजे बायकोला, मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मग म्हणाली, "आत्ता कळलं माझं एम.ए. का राहिलं ते. तुम्हाला रोज मुगाचं वरण लागायचं."

*

तो प्रबंध मी कपाटात ठेवला होता. कोणी वाचेल, असं वाटलं नव्हतं. माझ्या गाइडनंही वाचला होता की नाही, याची मला खात्री नाही.

योगितानं अकरावीच्या सुट्टीत तो वाचला. सगळा! मग माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, यात तुम्ही दोनशे मुलींना घरी जाऊन विचारलंय, की संध्याकाळी अभ्यासाला वेळ मिळतो का."

मी म्हटलं, हो. फार कष्टाचं काम होतं ते.

"किती वाजता जायचात?"

"संध्याकाळी सहानंतर. त्या वेळी मुली घरी हमखास भेटायच्या."

"किती वेळ बसायचात?"

"दीड-दोन तास."

ती पुस्तक जागेवर ठेवून चहाचे कप विसळायला गेली. मी म्हटलं, राहू दे, आजपासून कप मुलं विसळतील. पहिल्या आठवड्यात पाच फुटले.

*

नीता नावाची एक मुलगी आमच्याकडे इतकी वर्षं येत होती, की नवीन मुलं तिला मॅडम म्हणायची. बी.कॉम. झालं, एम.कॉम. झालं, मग ग्रंथालयाचा डिप्लोमा. एके दिवशी बघतो तर जपानी शिकतेय. मी भारावून गेलो. जिज्ञासा म्हणतात ती हीच, असं मनाशी म्हणालो आणि तिचं पुढचं ध्येय विचारलं.

"अजून दोन वर्षं, सर."

मला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. शिक्षण चालू असेल तर घरी लग्नाचा विषय काढत नाहीत. पाहुण्यांना सांगता येतं, शिकतेय अजून. फक्त मध्ये गॅप पडू द्यायची नाही.

"एम.कॉम.चा रिझल्ट आणि डिप्लोमाचं ॲडमिशन यात अठरा दिवस गेले, सर. तेवढ्यात तिघं पोहे खाऊन गेले."

*

हे योगितानंही ऐकलं होतं. पण तिच्या घरी असली सवलत नव्हती. बारावीला तिला उत्तम मार्क पडले, त्याच महिन्यात तिचा धाकटा भाऊ रोशन दहावीला गणितात नापास झाला. शंभरात अकरा. वडील आत्मारामशेठ दोन्ही रिझल्ट घेऊन माझ्याकडे आले. पोरीचं शिकून झालं, आता स्थळं बघतो, पोराचं तेवढं तुमी बघा, असं म्हणाले.

मी घाबरत घाबरत सांगितलं, की रोशन माझं ऐकत नाही. ऐकलं तर फक्त ताईचं ऐकतो. हे खरंच होतं. मी शेंगदाणे मांडून गुणाकार शिकवायला गेलो, की तो शेंगदाणे खायचा.

शेठनी बराच विचार केला. "मंग असं करू. पोरगा दहावी पास होईस्तोवर पोरगी घरात ऱ्हाईल. त्याला शिकवल. तोवर कॉलेजात जायचं तर जाऊ दे. पोरगा पास झाला की लगीन. आमी शब्दाला पक्के हाव."

योगितानं त्याच आठवड्यात बी.एस्सी.ला नाव घातलं. तीन वर्षांचा कोर्स, आणि जुलैत रोशनची फेरपरीक्षा! माझी झोप उडाली. मुलगा पास व्हावा अशी इच्छा करावी की होऊ नये अशी? प्रबंधात यावर काही नव्हतं.

जुलैचा निकाल लागला. अठरा.

*

त्यानंतरच्या वर्षी विलास आला. वय एकोणतीस, गळ्यात चेन, दारात गाडी. त्याची आईच त्याला घेऊन आली. लग्नासाठी सात मुली बघितल्या, सातही ग्रॅज्युएट आणि सातही नाही म्हणाल्या. बायोडेटा माझ्यापुढे ठेवला. 'शिक्षण'च्या पुढे लिहिलं होतं : स्वतःचे दोन डंपर.

विलास दहावीच्या मुलांशेजारी शहाण्यासारखा बसायचा. फोन आला तर बोट वर करायचा, "सर, खडी खाली करून घेतो," आणि बाहेर जायचा. गणितात मात्र फार अडायचा. मी फळ्याकडे वळलो, की मागून रोशन त्याला हळूच उत्तरं सांगायचा. सगळी बरोबर. मी ऐकायचो आणि आणखी खचायचो. वर्गात येतं आणि पेपरात अठराच पडतात, म्हणजे दोष माझ्या पद्धतीचाच, दुसरा कोणाचा असणार?

विलास पहिल्या फटक्यात पास झाला. रोशनला पुन्हा अठरा.

*

मार्च, जुलै, मार्च, जुलै. दर निकालानंतर योगिता त्याच्यावर मनापासून चिडायची, त्याला रडकुंडीला आणेपर्यंत समीकरणं करून घ्यायची आणि मग आपल्या पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म भरायची. मी कागद दुमडून भूमिती शिकवली, पत्ते मांडून संभाव्यता शिकवली. सुमनला म्हटलं, माझी डॉक्टरेट परत करतो. ती म्हणाली, घेणार कोण?

तिसऱ्या वर्षी योगिता पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाली. तळोज्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरीही लागली. त्याआधीच, तिचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी, रोशन माझ्याकडे आला होता.

"सर, जुलैचा फॉर्म भरून द्या. आता देऊन टाकतो."

जुलैत त्याला गणितात एक्क्याण्णव मार्क पडले.

आत्मारामशेठ पेढे घेऊन आले. मी लग्नाचं विचारलं. ते जरा ओशाळून म्हणाले, "आता ती कमावती झाली. ती सांगल तवा."

ते गेल्यावर मी रोशनला थांबवलं. मला राहवेना. शेंगदाण्यांनी फरक पडला, पत्त्यांनी, की कागद दुमडण्यानं? निदान एक टिपण तरी लिहिता आलं असतं. आणि त्याआधी सहाच्या सहा वेळा अठराच कसे?

त्यानं पेढा तोंडात टाकला. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कच्च्या मुलांकडे बघतो.

"अकरा पडले ते खरे, सर. मंग ताई कॉलेजला जायला लागली." पेढा गिळून तो म्हणाला, "विसाच्या वर गेलो असतो, तर ग्रेस देऊन पास केला असता मला."