लॉगरला टॉवेल

मित्रांनो, आज डोकं फिरलंय. तीर्थपुरीजवळच्या विहिरीवर पाणीपातळी टिपायला डेटा लॉगर बसवलाय, तो दसऱ्यापासून बंद! बॅटरी पूर्ण उतरलेली. तासभर वायरीच तपासत बसलो.

मंग खांबावर नजर गेली. सोलर पॅनलवर कोरा टॉवेल, सुतळीनं बराबर बांधलेला. वर झेंडूचा वाळका हार.

शेतमालक काका म्हणाले, "खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा केली. तुमच्या यंत्राला मान द्यायचा न्हाई का?"

"अहो काका, ते उन्हावरच चालतं!" मी ओरडलोच.

काका खजील झाले. टॉवेल सोडला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "मंग हा तुम्हीच घ्या."

इतक्या दिवसांच्या नोंदी गेल्या. आता सांगा, भांडू कुणाशी?