मॅडमच्या बोटीतलं गोडं पाणी

आधीच सांगून टाकते, त्या बाईचा मला हेवा वाटत होता. साधासुधा नव्हे, जेवताना घास कडू लागावा असा. ती माझ्याच वयाची, पंचावन्नच्या आसपासची, पुण्याहून आलेली. मालवणच्या बंदरात तिची स्वतःची शिडाची बोट नांगरलेली असायची. बोटीत झोपायला बिछाने, स्वयंपाकाला ओटा, ओट्याला नळ, नळाला पाणी. ती नसली की बोट सांभाळायचं काम माझ्या नवऱ्याकडे असे, आणि ती आली की तो घरी फक्त झोपायला येई.

आमच्या संसाराला तीस वर्षं झाली. त्याची मासेमारीची होडी आहे. तिच्यातली मासळी बाजारात बसून मी विकते, तिची जाळी मी शिवते, नारळी पौर्णिमेला तिच्या पूजेचं ताटही मीच भरते. पण ते ताट किनाऱ्यावर उभं राहून त्याच्या हातात द्यायचं. होडीत पाय ठेवायचा नाही. बाईमाणसाचा पाय लागला की मासळी रुसते, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं आणि मी निमूट ऐकलं होतं. आता हाच माणूस एका बाईच्या बोटीवर ‘हो मॅडम, करतो मॅडम’ करत होता. माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मॅडमने कारवारपर्यंत जायचं ठरवलं. वीस दिवस. सोबत माझा नवरा. मला हे अजिबात नको होतं. तोंडाने मी “जावा, माका काय!” म्हटलं, पण मनातल्या मनात देवाला गाऱ्हाणं घातलं की काहीतरी अडू दे. देवाने इतक्या लवकर माझं कधीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बोटीच्या तळाला पाणी साचायला लागलं.

नवरा होडीत वाढलेला. त्याच्या लेखी बोटीत पाणी आलं म्हणजे ते समुद्राचंच, दुसरं येणार कुठून? दोन दिवस तो बुड्या मारून बाहेरून बूड चाचपत राहिला. एक चीर सापडेना. तिसऱ्या दिवशी मॅडमने त्या पाण्यात करंगळी बुडवून जिभेला लावली. पाणी गोडं! म्हणजे समुद्र बिचारा निर्दोष होता, बोटीतल्या पिण्याच्या पाण्याचीच नळी कुठेतरी गळत होती. संध्याकाळी घरी हे सांगताना नवऱ्याची मान खाली होती.

“तुमका जरा चाखून बघूक काय झाला?” मी म्हटलं. मला फार बरं वाटत होतं. पण चाखायचं तिला सुचलं, हेही मला खुपलंच.

चौथ्या दिवशी मी नवऱ्याचा डबा घेऊन धक्क्यावर गेले, तर मॅडम स्वतःच तिच्या छोट्या रबरी होडीतून डबा न्यायला आली. “चला ना, बघून तरी जा,” म्हणाली. लग्नानंतर मी कधी होडीत पाय ठेवला नव्हता, पण तिच्यासमोर घाबरायचं नव्हतं. मी बसले. बोटीवर चढताना नवऱ्याने मला पाहिलं, तोंड उघडलं, मॅडमकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

आत सगळे नळ बंद होते, तरी थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा पंप आपोआप घुरघुरायचा. पाणी निसटत असलं की तो असा चालू होतो, हे मॅडमने मला समजावलं. मग ती दोघं पुढच्या बाजूला, जिथे पाणी साचत होतं तिथे, डोक्याला डोकं लावून शोधत बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिवाय ती शोधत होती चुकीच्या जागी. कौलारू घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा, थेंब पडतो तिथलं कौल फुटलेलं नसतंच. पाणी वाशावरून चालत येतं.

मी ओट्याखालची कणकेची पिशवी घेतली आणि नळी धरून मागे मागे सरकत तिच्याखाली कोरडं पीठ भुरभुरवत गेले. मागच्या बिछान्याखाली नळीचा एक सांधा होता. पंप घुरघुरला आणि पिठात एक गोळी झाली. मग तिच्या शेजारी दुसरी.

मी त्या गोळ्या हाताने झाकल्या.

गप्प बसले असते तर कारवार रद्द झालं असतं. समोरच्या गोल खिडकीतून बंदर दिसत होतं, मागे बाजाराची छपरं, माड. मी आचऱ्यात जन्मले, मालवणात नांदले, आणि माझं गाव पाण्याकडून कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. नवऱ्यावरून मी जळतेय असं इतके दिवस मला वाटत होतं. नवरा काय, घरी येतोच. मला तिचा समुद्र हवा होता.

तेवढ्यात पुढून मॅडमचा आवाज आला, “उद्या गोव्याहून कुणालातरी बोलवू या.” म्हणजे गोव्याचा कोणी बाप्या येणार, इथेच हात घालणार आणि वाहवा घेऊन जाणार. ते मात्र मला सहन होईना.

“हंयसर आसा!” मी ओरडले.

सांध्यावरची क्लिप सैल झाली होती. नवऱ्याने ती आवळली. आम्ही तिघं कान देऊन बसलो, पंप पुन्हा काही बोलला नाही. मॅडमने माझे पिठाचे हात तसेच हातात घेतले.

“तुम्हीही चला कारवारला,” ती म्हणाली. “जागा आहे.”

मी काही बोलायच्या आत नवऱ्याने कचेरीत बोलतात तसल्या मराठीत उत्तर दिलं, “नाही मॅडम, ती होडीत चढत नाही. आमच्यात बायका चढत नाहीत.”

मी त्याच्यासमोर, बोटीच्या पोटात, कोपरापर्यंत पीठ माखून बसले होते.

“माका येवचा आसा,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. “आणि मगे घराक कोण रवतला?”

“तुमी रवा.”