हरकत न्हाय, साहेब!

आमच्या मंडळीचं म्हायेर दर पाच वर्सांनी सरकार भरवायचं.

दुसऱ्यांच्या बायका पंचमीला जातात, दिवाळीला जातात. आमची गोजर जायची मतदानाला. त्याचं झालं असं, की मेव्हण्याच्या लेकीच्या लग्नात म्या भर पंगतीत म्हणलो, "वरण लई पातळ केलंय, जेवायला बोलावलंय का पोहायला?" (पातळच होतं. आजही म्हणतो.) मेव्हणा तापला. "माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय! तुमी बी न्हाय अन् हिनं बी न्हाय!"

झालं! वरणापायी म्हायेर तुटलं. त्या घरात गोजरची म्हातारी आई. डोळ्यानं अधू, काठी टेकत गावच्या शाळेपतुर यायची, त्याच्या पल्याड तिला चालवत नव्हतं.

एरवी मेव्हणा गोजरला गावाच्या शिवेत बी येऊ द्यायचा न्हाय, पण आमच्या वाडीचं मत त्याच गावच्या शाळेत पडायचं. शाळा सरकारची, उंबरा सरकारचा, तिथं मेव्हण्याचं काय चालतंय? मतदानादिवशी म्हातारी सकाळीच बायांच्या रांगेत येऊन उभी. गोजर तिच्या मागं. अन् मायलेकी मागच्या बाईला म्हणायच्या, "तू हो म्होरं, आमाला घाई न्हाय." अख्खं गाव म्होरं जायचं, ह्या दोघी जागच्या जागी! दिवस कलला की आतला माणूस ओरडायचा, "मावशी, मत टाका की आता, पेट्या बांधायच्यात!" तवा कुठं टाकायच्या.

निजाम गेला, हैदराबाद स्टेट मोडलं, आपण मराठी मुलखात आलो, अन् साहेब लोकांना रेघा ओढायचा नाद लागला. एक दिवस चावडीवर नकाशा चिकटला. मतदारसंघाच्या नव्या हद्दी! आमची वाडी उचलून तेरणा नदीपल्याडच्या गावाला जोडलेली. आता मत तिकडं पडणार. दवंडीवाला ओरडत गेला, "ज्याची कुणाची हरकत आसंल त्यानं मुदतीच्या आत लिहून द्यावं, अन् धाराशिवला साहेबापुढं येऊन बोलावं होऽऽ!"

गोजर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"आवो, हरकत द्या."

"म्या?"

"मग काय म्हशीला धाडू? वरण पातळ म्हणायला तोंड होतं न्हवं?"

आता माझी अडचण ऐका. आमच्या पिढीला 'हरकत' ह्या शब्दाचीच धास्ती. निजामाच्या वक्ताला जमादार बखोटं धरून विचारायचा, "क्या हरकत करता है बे?" त्याची हरकत म्हणजे बदमाशी. कबूल केली की फटके! म्हणून आमी आधीच हात जोडून मोकळे व्हायचो, "हरकत न्हाय, सरकार! कसलीच हरकत न्हाय!" ती सवय अशी हाडात मुरली, की कुणी पान खाता का विचारलं तरी म्या म्हणायचो, हरकत न्हाय.

मास्तरांनी अर्ज लिहून दिला, म्या खाली वेडीवाकडी सही ठोकली. सुनावणीला तेर गावाहून मोटारीनं दोघं धाराशिवला निघालो. गोजर ठेवणीतलं लुगडं नेसली होती. वाटभर माझी उजळणी चालू.

"म्हणा, माझी हरकत हाय."

"माझी हरकत हाय."

"मोठ्यानं!"

"माझी हरकत हाय!" (अख्खी मोटार माझ्याकडं बघाया लागली.)

कचेरीत ती व्हरांड्यात बसली, म्या आत गेलो. साहेब निघाला गोड बोलणारा. तिथंच घात झाला! शिव्या देणारा असता तर निभावलं असतं.

"या बाबा, बसा."

"हरकत न्हाय, साहेब."

"पाणी देऊ?"

"हरकत न्हाय."

"तुमची वाडी नदीपलीकडं जोडतोय. काही हरकत?"

साहेबाच्या तोंडून तो शब्द आला, अन् माझ्या आत जुना जमादार उभा राहिला. हात आपोआप जोडले गेले.

"हरकत न्हाय, सरकार! कसलीच हरकत न्हाय!"

कारकुनानं लगेच लिहून घेतलं.

"आवो थांबा! हाय! माझी हरकत हाय!"

"कशाला?"

"हरकत न्हाय म्हणलो, त्याला!"

सगळी कचेरी हसली. साहेब म्हणाला, "बाबा, कारण सांगा. रस्ता, नदी, अंतर, असं काही भौगोलिक."

"सासू हाय, साहेब."

"सासू भौगोलिक नाही."

"कशी न्हाय? ती नदीच्या अल्याड हाय, अन् तुमी पेटी पल्याड नेताव!"

साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले, इतका हसला. मग म्हणाला, "पुढचे कोण?"

तेरणेवर पूल न्हाय, पाणी चढलं की आमची वाट बंद. वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेलं हे कारण मला आठवलं परतीच्या मोटारीत!

म्या भाईर आलो तशी व्हरांड्यात गोजर उठून उभी राहिली. "म्हणलाव?"

"म्हणलो."

"काय?"

सांगितलं. तिनं पदर सारखा केला अन् म्हणाली, "चला, मोटार चुकंल."

रेघ कायम झाली. पुढच्या मतदानाला गोजर पल्याड गेली, शिक्का मारला अन् लगेच भाईर आली. कुणासाठी थांबायचं? तिकडं म्हातारी मात्र शाळेत गेली म्हणं. नकाशा तिला कुठला दिसायचा? दिवसभर रांगेत उभी राहून मागच्या बायांना म्होरं धाडत होती, "तू हो म्होरं, माझी लेक यायचीय."

त्याच्या पुढचं मतदान तिनं बघितलं न्हाय. मेव्हण्याचा निरोप आला तो राख सावडून झाल्यावर.

गोजरनं मला त्यावरून कधी शिवी दिली न्हाय. पण भाकरी वाढ म्हणलं की, "हरकत न्हाय." कालवणात मीठ न्हाय म्हणलं की, "हरकत न्हाय!" असं जेवलो म्या तिच्या हातचं.

औंदा संक्रांतीच्या आधी ती गेली. अंगणात तिरडी बांधून झाली. भावकीतला दादा रीतीनं माझ्यापाशी आला, हळूच म्हणाला, "तात्या, उचलायचं का? काय हरकत न्हाय न्हवं?"

माझे हात आपोआप जोडले गेले.

"हरकत न्हाय."

अन् उचललं की त्यांनी! थांबा, हाय, माझी हरकत हाय, एवढं म्हणायचं मला सुचलं. न्हाय असं न्हाय. पण ते नदीवरून परत येताना. माझं डोकं मेलं परतीच्या वाटेवरच चालतं!