दही लागेपर्यंत माग बंद

“कोण गेलं रं? अरं सांग की, कोण गेलं?”

माझी थोरली बहीण आक्का रस्त्यावरूनच ओरडत आत आली. निपाणीहून भर उन्हात बसनं आलेली, डोक्यावर पदर, एक चप्पल पायात आणि दुसरी बहुतेक रिक्षात. माझ्या एका हातात सोललेला आंबा, दुसऱ्यात सुरी, कोपरापर्यंत रस. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी जिवंत आहे हे बघून तिला बरं वाटलं की फुकट आल्यासारखं वाटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“मलाबी कळंना झालंय आक्का,” मी म्हणालो. “गल्लीत कोणतरी गेलंय. सगळे माग बंद हाईत.”

“गल्लीत? अरं, मला फोन आला तुझ्याच घरातलं गेलंय म्हणून! तुझा फोन का उचलंनास?”

फोन मागच्या खोलीत चार्जिंगला होता. पण माझ्याच घरातलं? घरात आम्ही दोघंच, मी आणि सून. सून आतल्या खोलीत कॉटवर पडल्या पडल्या दारातून आमच्याकडंच बघत होती. म्हणजे ती नव्हे. मी सुरी खाली ठेवून हळूच स्वतःची नाडी धरून बघितली. चालू होती.

आता हे समजायचं तर आधी आमचं घर समजलं पाहिजे. वडगावातलं विणकराचं घर. मागच्या खोलीत पॉवरलूम, म्हणजे विजेवरचे माग. ते सुरू झाले की अख्खं घर हादरतं, भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप उलटतं, आमच्याकडं मे संपायच्या आधी जून लागतो. पाहुण्यासमोर चहा ठेवला की कप बशीसकट चालत त्याच्यापर्यंत जातो. अशा घरात दही लागेल का? रात्री विरजण लावावं, सकाळी पातेल्यात वर पाणी आणि खाली कण्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यालाच दही म्हणत आलो. दही ही प्यायची वस्तू आहे, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती.

सून जांबोटीकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, कॅम्पातल्या शाळेत शिकवते. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला म्हणाली, “मामा, हे ताक आहे.”

“हेच दही,” मी म्हणालो. “तुमच्याकडचं बिघडलेलं असंल.”

उन्हाळ्यात तिला दिवस गेले आणि पोटात काही ठरेना झालं. भात नाही, भाकरी नाही, घोटभर पाणी प्यायली तरी मोरीकडं पळायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही राहिलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावी लागेल. आणि नेमके त्याच दिवशी माझी बायको आणि मुलगा कोल्हापूरला नात्यातल्या लग्नाला गेलेले. जाताना बायको बजावून गेली होती, “माग बघू नका. पोरीला बघा.”

बघितलं. विचारलं, “पोरी, काय खावंसं वाटतं?”

तिनं फोनमधला फोटो दाखवला. शाळेतल्या बाया मधल्या सुट्टीत खातात म्हणे. वाटीभर घट्ट दही, त्यावर फळांच्या फोडी, काजू, बदाम, मधाची धार. मला आधी ती रांगोळीच वाटली.

दुकानातलं दही आणलं. डबा उघडला आणि वासानंच ती मोरीकडं पळाली. मग गवळ्याच्या घरचं आणलं, चांगलं घट्ट. पण आमच्या रस्त्यांवरून स्कूटर घरी पोचेपर्यंत डब्यात ताक झालेलं, वर लोण्याचा गोळा. आता एकच राहिलं होतं, घरी लावणं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट दुधात विरजण घातलं, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि मागच्या खोलीत जाऊन माग बंद केले. ऐन लग्नसराईत! कामगारांना म्हटलं, घरी जावा. ते माझ्याकडं असं बघत गेले की जणू मी त्यांना देशोधडीला लावलंय.

मला शांततेची सवय नाही. पाठ टेकली आणि डोळा लागला. जागा झालो तर अख्खी गल्ली गप्प. पंखा गरागरा फिरत होता, म्हणजे करंट होता. आमच्याकडं करंट असताना माग थांबतात ते एकाच कारणानं. गल्लीत कुणी गेलं की शेजारी आपले माग चालू ठेवत नाहीत. टोपी घातली आणि बाहेर पडलो.

शेजारचे आप्पा पायरीवर बसले होते, खांद्यावर पंचा, तोंड एवढंसं. म्हटलं, “आप्पा, कोण हो?”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “धीर धरा.”

धरला. कशासाठी, हे विचारायची लाज वाटली. पुढच्या घरी गेलो, तिथंही खांद्यावर हात. असं दहा घरचं सांत्वन घेऊन परत आलो. मन भरून आलं होतं, पण मेलंय कोण ते कळायचं नाव नाही.

पातेल्यावरचं झाकण काढलं तर आणखी घोटाळा. दही हलेनाच. तिरकं केलं, ढिम्म. मला वाटलं नासलं. सुनेला दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. “मामा, लागलं की हो!” म्हणून पातेलं गार पाण्यात ठेवून मी आंबा सोलायला घेतला होता, तोवर आक्का आली.

आक्कानं सगळं ऐकलं आणि विचारलं, “माग आधी तुझे थांबले का गल्लीचे?”

“माझे.”

“मग?”

“मग काय? मग कोण गेलं?”

“कोण न्हाय गेलं, मेंढरा! तुझे थांबले म्हणून आप्पाचे थांबले, आप्पाचे थांबले म्हणून पलीकडचे!”

मी हे डोक्यात बसवतोय तोवर दारात आप्पा. मागं निम्मी गल्ली. कुणाच्या हातात पिठल्याचा डबा, कुणाच्या फडक्यात भाकरी. सगळे मान खाली घालून जमखान्यावर बसले.

“आप्पा, कोण गेलं न्हाय. मी दह्यासाठी माग बंद केलते,” मी म्हणालो.

आप्पा आक्काकडं वळून हळूच म्हणाले, “लई धक्का बसलाय.”

आता यांना समजवायचं की पोरीला बघायचं? वाटीत दही घेतलं. आंब्याच्या फोडी, जांबोटीची करवंदं बिया काढून, भाजलेले काजू, भिजवून सोललेले बदाम, वर मध. आक्का कानाशी, “साखर घाल रं. मीठ घाल रं.” काही घातलं नाही.

सून भिंतीला धरून बाहेर आली आणि त्या मंडळींसमोरच बसली. पहिला चमचा. दुसरा. काजू चावल्याचा आवाज निपाणीपर्यंत गेला असेल. आप्पांना काय कळलं कोण जाणे, पण तेही आता फक्त चमचा बघत होते. वाटी रिकामी झाली आणि ती एकदम उठून मोरीकडं गेली. दार लागलं. आतून पाण्याचा आवाज. आक्कानं माझं मनगट आवळलं. आप्पांनी डोळे मिटले.

मी दाराशी गेलो. “पोरी, काय झालं गं?”

“काही नाही, मामा. वाटी विसळतेय.”