उस्तादांनी पोलाद निवडणं सोडलं

गल्लीत साचे बनवणारी दुकानं पुष्कळ होती, पण कुठल्या कामाला कुठलं पोलाद, असा प्रश्न पडला की बाकीचे दुकानदारसुद्धा उस्तादांकडे यायचे. उस्ताद तुकडा ग्राइंडरच्या चाकाला टेकवायचे, डोळे बारीक करून ठिणग्या बघायचे आणि सांगायचे, "हे पत्रा कापायला बेस्ट. ठोकाठोकीला वापरलंत तर रडत परत याल."

त्यांची बायको भट्टी सांभाळायची. भट्टीवाल्याचीच मुलगी ती. कामगार तिला वहिनी म्हणत. साचा उस्तादांनी कोरायचा आणि वहिनींनी तो तापवून, पाणी देऊन कडक करायचा, असा दोघांचा संसार. "ह्यांनी मला नाही, माझ्या बापाची भट्टी बघून होकार दिला," असं वहिनी म्हणाल्या की उस्ताद लगेच म्हणायचे, "आणि हिला जळण हवं होतं!"

एकदा नटबोल्ट आवळायचे पाने घडवणारा एक कारखानदार साच्याचं काम घेऊन आला. लालभडक लोखंड ज्यात ठोकायचं, त्या साच्याला गरम कामाचं पोलाद लागतं. प्रत्येक दणक्याला ते तापतं, निवतं, तरी तडकत नाही. ते यायला वेळ लागणार होता आणि कारखानदार तर घोड्यावर बसून आलेला. मांडणीवर दुसऱ्या पोलादाचा एक देखणा ठोकळा पडून होता. भारी कडक, पण आगीशी त्याचं जमत नसे.

"जरा नरम ठेव, निभेल," उस्ताद म्हणाले.

"नाही निभायचं. थांबू या की."

"अगं, हा दाराबाहेर पडला की परत येणार नाही."

वहिनींनी पुढे वाद घातला नाही. साच्याला पाणी दिलं.

साचा परत आला तो दोन तुकडे होऊन. आतल्या अंगावर बारीक चिरांचं जाळं पडलेलं. सुदैवाने कुणाला लागलं नव्हतं. कारखानदार तावातावाने बोलत होता, उस्ताद मान खाली घालून ऐकत होते. "चूक माझीच. योग्य पोलादाचा नवा साचा करून देतो," म्हणालेही. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण वहिनींचा तोल गेला. सगळ्या कामगारांसमोर, त्या गिऱ्हाइकासमोर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठे काय चालतं तेच कळत नाही. नुसते नावाचे उस्ताद!"

मशिनी चालू होत्या, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

उस्तादांनी टेबलावरची कानस उचलून काम सुरू केलं. घरी जेवताना नेहमीसारखं मीठ मागितलं. नवा साचा झकास झाला, कारखानदारही पुढे येत राहिला. वहिनींना वाटलं, झालं गेलं विसरले. पण पुढचं काम आलं तेव्हा उस्तादांनी साच्याचं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "पोलाद तू सांग." त्या म्हणाल्या, "असं काय करता?" ते म्हणाले, "तुझी पारख चांगली आहे." बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून वहिनींनी पोलाद सांगितलं. हळूहळू तेच वळण पडलं. शेजारचे दुकानदार तुकडे घेऊन आले तरी उस्ताद त्यांना भट्टीकडे पाठवू लागले. वहिनींना, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

माफी मागायची राहून गेली. आधी रागाने, मग संकोचाने, मग इतक्या दिवसांनी कशाला उकरून काढायचं म्हणून.

काही वर्षांनी जाड पट्टीला भोकं पाडायच्या पंचाचं काम आलं. पंच लवकर झिजू नये म्हणून वहिनींनी कडकातलं कडक पोलाद निवडलं. उस्तादांनी निमूटपणे पंच घडवला. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या प्रेसवर त्याचं टोक उडालं. जाड पट्टीचा धक्का सोसायला चिवट पोलाद हवं होतं, थोडं लवकर झिजलं तरी चाललं असतं. तुटका पंच हातात घेऊन वहिनी उस्तादांच्या टेबलाशी गेल्या.

"तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

"वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

उस्ताद कानस साफ करत होते. "सवय गेली गं," एवढंच म्हणाले.

 वहिनींनी तिथल्या तिथे मशिनी बंद करायला लावल्या, कामगारांना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी यांना सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. ते चुकीचं होतं. आज यांना माहीत असून पंच तुटला, तो माझ्यामुळे."

कामगार खाली बघू लागले. त्यातल्या अर्ध्यांना तो दिवस माहीतही नव्हता, ते नंतर लागलेले. उस्ताद अवघडून हसले. "अगं, काय हे! चला, मशीन लावा."

त्या दिवसापासून दोघांतलं बोलणं वाढलं, एकमेकांची थट्टाही परत सुरू झाली. पण पोलादाच्या मांडणीकडे उस्ताद पुन्हा आपणहून गेले नाहीत. वहिनी मुद्दाम दोन तुकडे टेबलावर ठेवायच्या, "सांगा ना, यातलं कुठलं?" उस्ताद दोन्ही हातात घेऊन बघायचे, अंगठा फिरवायचे. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

"दोन्ही चांगलेच आहेत," असं म्हणून ते तुकडे परत खाली ठेवायचे आणि कामाला लागायचे.